चोळे आणि चोळ

ठाकुर्लीला लागून असलेल्या गावाचे नाव चोळे. रेल्वेचे आता बंद पडलेले जुने विद्युत्गृह त्याच नावाने ओळखले जाई, आणि इंग्रजी कागदपत्रांत त्या नावाचे लेखन असे होई की शाळेत चोळ राजांचा धडा शिकत असताना त्या सम्राटांचा आणि आमच्या गावाचा काहीतरी संबंध असला पाहिजे, अशी माझी बालपणी पक्की समजूत झाली होती. नामसादृश्य हा पुरावा नव्हे, एवढे सांगून मामांनी ती समजूत तेव्हाच दूर केली. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या त्या गृहस्थाला दफ्तरात कागद सापडल्यावाचून कोणताही हक्क मान्य करण्याची सवय नव्हती. तेच मामा यंदा संक्रांतीनंतर तंजावर, कुंभकोणम् आणि भोवतालचा मुलूख पाहून परतले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून ‘आपले’ हा शब्द इतक्या वेळा येऊ लागला की, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, तो खटकल्यावाचून राहिला नाही. रविवारी दुपारी आमच्या गॅलरीत, खालून लोकलगाड्या जात-येत असताना, त्या दोघांचे जे बोलणे झाले, ते मला मोलाचे वाटले, म्हणून जमेल तितक्या इमानाने लिहून ठेवीत आहे.

मामा : अगं, तंजावरच्या त्या मोठ्या देवळाच्या आवारात पाऊल ठेवले तेव्हा प्रथम मी इतरांसारखाच वर पाहत राहिलो. दोनशे फुटांहून उंच असे ते विमान राजराज चोळाने 1010 साली पुरे केले; आसपास ज्या भूमीत केवळ नद्यांचा गाळ आणि भाताची खाचरे, तेथे एवढा काळा-तांबूस कठीण दगड दुरून वाहून आणावा लागला असणार, हे मनात आले की मनुष्याचे बोलणेच खुंटते. एक वाटाड्या सांगत होता की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. मी दुपारी चार वाजेपर्यंत तेथेच बसून राहिलो, आणि ती सावली फरशीवर लांबच लांब पसरलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आणि मला ती खरी सावलीच त्या कहाणीपेक्षा अधिक भव्य वाटली. पण खरे सांगू? माझे डोळे भरून आले ते तेथे नव्हे. प्राकाराच्या भिंतीजवळून चालत असता एकाएकी बालबोध अक्षरे दिसली. मराठी! भोसले कुळाचा सारा इतिहास, सरफोजी राजांनी 1803 साली दगडावर कोरविलेला. आठ दिवस तमिळ पाट्यांपुढे निरक्षरासारखा उभा राहिलेला मी, त्या भिंतीपुढे एकदम साक्षर झालो. आपले राजे, आपली भाषा, आपला मजकूर!

अक्का : मामा, तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल मला आदरच आहे, परंतु मनात एक प्रश्न येतो, तो विचारते. इतक्या दूर जाऊन तुम्ही शेवटी जे वाचलेत ते घरी बसूनही वाचता आले असते. त्या देवळाच्या दगडांवर याहून कितीतरी जुना आणि याहून कितीतरी निराळा मजकूर आहे. राजराजाने आपण दिलेले, थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी आणि इतरांनी दिलेले, असे सर्व दान शिळेवर कोरून ठेवण्याची आज्ञा केली. त्या यादीत चारशे नर्तकी आहेत. नुसता आकडा नव्हे; प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या देवळातून आणली ते, कोणत्या आळीत कितवे घर तिला दिले ते, आणि वर्षाकाठी शंभर कलम भाताचा तिचा वाटा! एक नंदादीप अखंड जळावा म्हणून 96 मेंढ्या कोणाच्या स्वाधीन केल्या, याचीही नोंद आहे. तुम्ही आयुष्यभर खतावण्या लिहिल्यात. सांगा, असे दफ्तर तुम्ही कोठे पाहिले आहे काय? एका राजाने दगडावर नाचणाऱ्या बायकांची आणि मेंढपाळांची नावे लिहिली, आणि आठशे वर्षांनी दुसऱ्याने त्याच आवारात आपली वंशावळ लिहिली. आणि तुम्हांला गहिवर आला तो दुसऱ्यासाठी!

मामा : तू म्हणतेस ती यादी मला वाचता आली नाही, हा माझा दोष, ती त्या दगडावर आहे हे ठाऊक असते तर निदान तिच्यावरून हात तरी फिरवला असता. पण वंशावळीला तू इतकी कमी लेखू नकोस. ती कोरविणाऱ्या माणसाची स्थिती ध्यानात घे. सरफोजी 1798 साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो किल्ला, त्याचा परिसर आणि वसुलाचा एक-पंचमांश. ज्याची सत्ता गेली त्याने आपले कुळ कोठून आले हे दगडात लिहून ठेवले, तर ते मिरवणे नव्हे. बुडणाऱ्या घराने कागदपत्रे उंचावर सुरक्षित ठेवावीत, तसे ते कृत्य आहे.

अक्का : हे मात्र तुम्ही मार्मिक बोललात. पण ज्या घराच्या भिंतीवर ती ठेवली ते घर मुळात कोणाचे? त्या घराण्याचे मूळपुरुष व्यंकोजीराजे दक्षिणेत गेले ते विजापूरचे सरदार म्हणून. तेथे राज्य करणाऱ्या नायकांच्या घरातला तंटा मिटवायला गेलेली फौज 1675 च्या सुमारास स्वतःच मसनदीवर बसली, आणि 1855 साली कंपनीने राज्य खालसा करीपर्यंत, म्हणजे सुमारे 180 वर्षे, कावेरीच्या पाण्यावर पिकलेल्या भाताचा सारा त्या गादीकडे जात राहिला. तो भात पिकविणारा कुणबी तमिळ होता. आपण ज्याला ‘आपले तंजावर’ म्हणतो, त्यात त्याचे स्थान कोणते? बाहेरच्यांनी आपला मुलूख घेतला तर ती परचक्राची गोष्ट आणि आपण दुसऱ्याचा घेतला तर ती पराक्रमाची, असा दुहेरी हिशेब मला तरी मांडता येत नाही.

मामा काही वेळ बोलले नाहीत. त्यांनी आपली जाड पुठ्ठ्याची वही उघडली. त्या वहीत सर्व टिपणे मोडीत आहेत. घाईने लिहावयाचे असले म्हणजे त्यांचा हात आपोआप मोडीकडे वळतो. एका पानावर बोट ठेवून ते पुन्हा बोलू लागले.

मामा : हिशेबच मांडायचा तर जमेची बाजूही लिही. ज्या एक-पंचमांशाची गोष्ट मी केली, त्यातून त्या राजाने काय उभे केले? सरस्वती महाल. तो ग्रंथसंग्रह नायकांच्या वेळेपासूनचा, पण त्याला आजचे रूप दिले ते सरफोजींनी. तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी, सर्व भाषांच्या पोथ्या तेथे एका छपराखाली नांदतात. 1805 साली त्यांनी छापखाना घातला आणि पुढल्याच वर्षी ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक तेथे छापून निघाले. पेशवाई अद्याप बुडालेली नव्हती, आणि मुंबई-पुण्याला मराठी पुस्तके छापण्याची सोय झालेली नव्हती, अशा वेळी मराठी मुलांसाठी पुस्तक निघाले ते कावेरीच्या काठी! त्यांच्या धन्वंतरी महाल या रुग्णालयात नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. प्रत्येक रोग्याची हकीकत, आणि सोबत त्याच्या दुखऱ्या डोळ्याचे रंगविलेले चित्र. तू नर्तकींच्या नावांबद्दल बोललीस. या नोंदीही तशाच साध्या माणसांच्या आहेत.

अक्का : हे ऐकून मला आनंद होतो, आणि यात मी काही वजा करू इच्छीत नाही.

मामा : आणि छत्रे! रामेश्वराच्या वाटेवर त्या घराण्याने ठिकठिकाणी अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडचे छत्र सरफोजींनी 1802 साली आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावे उभारले. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांचा तपशील दिला आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो वाटसरू येईल त्याला शिजलेले अन्न; ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नसेल त्याला शिधा; आजारी पडेल त्याला वैद्य; बाळंतिणीची व्यवस्था, तान्ह्याला दूध, आणि ज्याचे आईबाप वाटेत दगावले त्या पोराचा सांभाळ. राज्य गेले ते गेले, पण ही छत्रे तेवढी माझ्या हातून काढून घेऊ नका, असा त्या पत्राचा आशय आहे. कुणब्याच्या भातावर राजा जगला हे तुझे म्हणणे मी मान्य करतो. पण त्या भातातला काही भाग शिजून पुन्हा रस्त्यावरच्या माणसाच्या पानात पडत होता, हे तूही मान्य कर.

अक्का : मान्य करते. किंबहुना मला असे वाटते की तुमच्या डोळ्यांत पाणी यायचे तर ते त्या भिंतीपाशी न येता या पत्रापाशी यावे. वंशावळीत राजा आपण कोण हे सांगतो. या पत्रात तो आपण कशासाठी आहोत हे सांगतो.

खालून एक लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली, आणि तिचा आवाज कल्याणच्या दिशेने विरेपर्यंत दोघेही थांबले. चहा आला. मग अक्कानेच पुढे विषय काढला, आणि या वेळी तिचा स्वर वादापेक्षा विचाराचा होता.

अक्का : मामा, तुम्ही गाभाऱ्याभोवतालच्या बोळातल्या चित्रांविषयी काही ऐकलेत का?

मामा : ऐकले, पाहायला मिळाली नाहीत. तो भाग सर्वांना खुला नसतो.

अक्का : 1931 साली अण्णामलै विद्यापीठाचे गोविंदस्वामी नावाचे अभ्यासक त्या काळोख्या बोळात शिरले, तेव्हा भिंतीवरची नायककालीन चित्रे जागोजागी पोपडे धरून सुटलेली होती, आणि त्या पोपड्यांखाली चोळकाळची चित्रे झळकत होती; कितीतरी शतके लेपाखाली झाकलेली. आता प्रश्न असा उभा राहिला की, खालचे पाहावयाचे तर वरचे काढले पाहिजे, आणि वरचेही कोणा चित्रकाराने भक्तीनेच काढलेले. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर न मोडता सोलून वेगळा केला, दुसऱ्या फळ्यांवर बसवला आणि दोन्ही राखले. मला तंजावरचे सारे मर्म त्यात दिसते. चोळ, पांड्य, विजयनगर, नायक, मराठे, प्रत्येकाने त्या देवळावर आपला थर चढवला. तुम्ही गेलात आणि सर्वांत वरचा थर पाहून परत आलात, कारण त्यावर ओळखीची अक्षरे होती. माझा आक्षेप एवढाच आहे.

मामा : पण अगं, तुझ्याच दृष्टांताने तुझा आक्षेप अर्धा पडतो! वरचा थर फेकून दिला नाही, असेच ना तू म्हणालीस? मग मराठ्यांच्या थरालाही त्याची फळी मिळू दे. आणि तो थर नुसता वर चिकटलेला नाही, तो खालच्यात मुरला आहे. दुसरे शहाजीराजे सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीवर होते. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतल्या आद्य नाटकांपैकी, आणि ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर एकाच रंगमंचावर निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या नायिका आणल्या आहेत. ज्या दरबारात मराठीला तेलुगूच्या आणि तमिळच्या मांडीला मांडी लावून बसावे लागले, त्या दरबारात ती अधिक सभ्य झाली असे मला वाटते. आपले कीर्तन तेथे गेले आणि त्याच्या संस्काराने तेथील हरिकथा घडली; आजही तिकडच्या भजनांत तुकोबा-नामदेवांचे अभंग म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांची घरची भाषा तमिळ असते. तू त्या चारशे नर्तकींची आठवण काढलीस. त्यांचीच परंपरा पुढे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चौघा भावांनी आजच्या भरतनाट्याच्या क्रमात बांधली, ती सरफोजींच्याच दरबारात, आणि सरफोजींनी त्या नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. चोळांच्या शिळेवरची नर्तकी आणि भोसल्यांचे मराठी पद, ही दोन्ही त्या एकाच पायरवात मिसळली. कोणता थर सोलशील?

अक्का हसली नाही, आणि लगेच उत्तरलीही नाही. तिला पटलेली गोष्ट ती नेहमी अशीच काही क्षण हातात धरून पाहते.

अक्का : नाही सोलता येणार. मी हरले असे म्हणा हवे तर. मात्र मग ‘आपले’ या शब्दाचा अर्थ बदलून घेतला पाहिजे. आपण तेथे राज्य केले म्हणून ते आपले, हा अर्थ 1855 साली संपला. आपल्या माणसांनी तेथे दुसऱ्याची ठेव सांभाळली, तिच्यात आपली भर घातली आणि दुसऱ्याची भाषा बोलू लागली, म्हणून ते आपले, हा अर्थ मात्र अजून जिवंत आहे. भोसल्यांच्या त्या घराण्याकडे आजही 88 देवळांची वंशपरंपरागत विश्वस्तकी आहे, असे तुम्हीच सांगितलेत. राज्य नाही, खजिना नाही, पण दिवा लागला की नाही हे पाहण्याची वहिवाट आहे.

मामा : हा अर्थ मला मंजूर आहे. तो माझ्या मनात होताच. शब्द चुकीचा लागला होता.

अक्का : तर मग आता मी तुमच्या वहीतले एक पान मागते. ज्याने परक्या मुलखातल्या देवळाची राखण केली त्याचे आपण कौतुक करतो; मग आपल्या दारच्या देवळाचे काय? तंजावरचे देऊळ 1010 चे. त्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांनी, शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, शिलाहार राजा मम्वाणीच्या कारकीर्दीत अंबरनाथचे शिवालय पुरे झाल्याचा लेख त्याच देवळावर आहे. येथून लोकलने कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, आणि मग अंबरनाथ. तुम्ही त्या देवळात शेवटचे केव्हा गेला होता?

मामा : (बऱ्याच वेळाने) लहानपणी. महाशिवरात्रीच्या जत्रेत, वडिलांच्या खांद्यावर बसून. माणसांची डोकी आठवतात. देऊळ आठवत नाही.

पुढल्या बुधवारी, शिवरात्रीची गर्दी सुरू होण्याच्या आधीच, आम्ही तिघे निघालो. ठाकुर्लीहून सकाळची धीमी गाडी पकडली. वालधुनीच्या काठाने, वस्तीच्या आणि कारखान्यांच्या दाटीतून वाट काढीत देवळापाशी पोचलो, तेव्हा ऊन नुकते भिंतीवर चढत होते. तो दगड आपल्या सह्याद्रीचा, काळा कातळ. आणि त्यावर खालपासून वरपर्यंत एवढे कोरीव काम की हाताचा पंजा सपाट टेकवायला मोकळी जागा सापडू नये. 1868 साली त्या कामाची मोजमापे आणि साचे घेण्यात आले होते, असे अक्काने सांगितले. मामांनी मात्र काही विचारले नाही. ते एका कोनाड्यातल्या मूर्तीपुढे उभे होते. तिचा चेहरा झिजून गेला होता. परंतु एका पायाच्या घोट्यावरचा चाळ अद्याप मणी मोजता येण्याइतका स्पष्ट होता. मामा वाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून ते मणी त्यांनी खरोखरच मोजले.

मग आम्ही आत गेलो. तंजावरला मान वर करावी लागते, असे मामा वारंवार सांगत आले होते. येथे पाहावे लागते पायांकडे. सभामंडपातून गाभाऱ्यात वीसेक पायऱ्या खाली उतरतात, आणि प्रत्येक पायरीसरशी अंगावरची उन्हाची ऊब एकेक पदर काढून ठेवावी तशी कमी होत जाते. खाली ओल्या दगडाचा आणि बेलाच्या पानांचा वास होता. वर पाहिले तर अपुऱ्या शिखरातून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. मामा त्या अंधारात हात जोडून बराच वेळ उभे राहिले. त्यांना वाचण्यासारखे तेथे काहीच नव्हते. आणि मला वाटते की म्हणूनच ते इतका वेळ पाहू शकले.

बाहेर ओट्यावर बसल्यावर ते म्हणाले, “राजराजाने दिवा लावणाऱ्याचे नावसुद्धा लिहून ठेवले. येथे लेखात राजा आहे, अधिकारी आहेत. हा चाळ ज्याने कोरला तो कोठे नाही.”

अक्का म्हणाली, “तुम्ही त्याचे मणी मोजलेत ना, मामा. त्याची नोंद करा.”

तंजावरची टिपणे संपली होती तेथून दोन पाने कोरी सोडून त्यांनी वही उघडली. परतीच्या गाडीत, कल्याण येईपर्यंत, ते लिहीत होते. मी मोडी अडखळत वाचतो. तरी पहिली ओळ मला लागली. तीत राजाचे नाव नव्हते, शकही नव्हता. घोट्यावरच्या मण्यांचा आकडा होता, आणि त्यापुढे एवढेच की, कारागिराने मागच्या बाजूचे मणीही, जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही तेथले, तितक्याच काळजीने कोरले आहेत.